डावा हात

दिवाळीपूर्वी घरोघर जी डागडुजी निघते, तीत गळक्या नळाचा क्रमांक बहुधा शेवटचा असतो. भिंतींना रंग लागतो, पितळी भांडी चिंचेने लखलखतात, माळ्यावरचे डबे खाली येऊन पुन्हा वर जातात. नळाखाली मात्र बादली सरकवली म्हणजे झाले, असे सारे मानतात. थेंबच तो! तो काही घर बुडवीत नाही. मला या थेंबाविषयी लिहावेसे वाटते ते पाण्याच्या काळजीने थोडे, आणि दुसऱ्याच एका प्रश्नामुळे अधिक. जे वाकत नाही, सुटत नाही, ऐकत नाही, त्याच्यावर माणसाने किती जोर लावावा, आणि लावलेल्या जोराचा जाब कोणी द्यावा, हा तो प्रश्न. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत त्याची चर्चा मोठ्या शब्दांत होत असेल. मी तो न्हाणीघरात पाहिला आहे.

पाण्याची गोष्ट आधी उरकून घेतो. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी हे पाणी दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि महिन्याला सुमारे १३० लिटर भरते. २०१६ सालच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. ज्या महाराष्ट्राने ती गाडी पाहिली, त्याने थेंबाला हसू नये.

आता नळाकडे वळू. फिरवून बंद करायची ही जुन्या पद्धतीची तोटी १८४५ साली इंग्लंडातील रॉदरहॅम गावच्या पितळकारांनी पेटंट घेऊन बनवली. तिच्या पोटात आटे पाडलेला एक दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला वायसर. मूठ फिरवली की वायसर खाली उतरून पाण्याच्या तोंडावर बसतो आणि धार थांबते. वायसर झिजला की थेंब सुरू होतो. अशा वेळी आपण काय करतो? मूठ आणखी आवळतो. दोन दिवस थेंब थांबतो. पण त्या दाबाने वायसर अधिकच चेमटतो, कातरला जातो, आणि तिसऱ्या दिवशी थेंब परत येतो. मग आणखी जोर. शेवटी घरातल्या आजीला तो नळ उघडता येत नाही, आणि गळायचा तो गळतोच. जोराने दोष लपतो, जात नाही. आणि लपवण्याची किंमत घरातल्या सर्वांत अशक्त हाताला मोजावी लागते.

म्हणून वायसर बदलायचा. वायसराला दहा-वीस रुपये पुरतात. खरे संकट पुढेच असते. तोटीचा माथा सुटत नाही. वर्षानुवर्षांचे पाण्यातले क्षार आट्यांत बसलेले असतात, लोखंडी भाग असेल तेथे गंज चढलेला असतो. आपण पाना लावतो, दात आवळतो, एक पाय भिंतीला टेकवतो आणि म्हणतो, “काय हट्टी आहे हो!” हा शब्द ऐकला की माझ्यातला शिक्षक जागा होतो. आटे हट्टी म्हणून कोणी घडवलेले नसतात. बसवले त्या दिवशी ते बोटांनीही फिरले असते. त्यांचा आजचा हट्ट म्हणजे इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कोणी न पाहिल्याचा साठा आहे. जे दहा वर्षांत साचले ते दहा मिनिटांत सुटावे, असा आग्रह धरणारा खरा हट्टी कोण?

आमच्या आळीत नळकामाचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांचे काम मी पुष्कळदा उभे राहून पाहिले आहे. ते आधी वरच्या टाकीची चावी बंद करतात. मग आट्यांच्या सांध्याभोवती व्हिनेगरात भिजवलेली चिंधी गुंडाळतात आणि चक्क चहा मागतात. आम्लाने क्षार विरघळायला जो वेळ लागतो, तो या चहाचा. गंज असेल तर तेल सोडतात. मग माथ्यावर गरम पाणी ओततात. बाहेरचे पितळ ऊन लागून किंचित फुगते, आतले अजून थंड असते, आणि दोघांत केसाएवढी फट पडते. मग हातोडीने हलकेच ठोकतात. ते मारणे नव्हे, दार वाजवणे. आणि त्यानंतर एक गंमत करतात. माथा सोडवायचा असतो, पण पाना पहिल्यांदा आवळण्याच्या दिशेने अगदी तीळभर फिरवतात. ज्या बाजूला तो अडून बसला आहे त्याच बाजूला क्षणभर त्याचे ऐकायचे; तेवढ्याने आतली पकड मोडते, आणि मग तो उलटा फिरायला राजी होतो. वर्गात अडून बसलेल्या मुलाशी बोलताना पहिले वाक्य कोणते असावे, हे मला याहून नेमके कोणी शिकवलेले नाही.

परंतु या सगळ्याहून मोठी गोष्ट त्यांच्या डाव्या हातात असते. मिस्त्री एका पान्याने काम कधीच करीत नाहीत. उजव्या हातातला पाना माथा फिरवतो. डाव्या हातातला दुसरा पाना तोटीचे अंग घट्ट धरून ठेवतो. एखादे दिवशी हात कमी पडला तर ते मला म्हणतात, “गुरुजी, हा पाना धरा आणि अजिबात हलू देऊ नका. फिरवायचं माझ्याकडं लागलं.”

या धरण्याचे कारण सोपे आहे. माथ्याला लावलेला जोर माथा सुटला नाही तर नाहीसा होत नाही. तो तोटीच्या अंगात उतरतो, तेथून भिंतीत पुरलेल्या नळीत जातो, आणि त्या रांगेत जो सांधा सर्वांत जुना आणि कमजोर असेल तो मोडतो. तो मोडल्याचा आवाजही कित्येकदा येत नाही. बाहेरची तोटी शाबूत दिसते. आठ दिवसांनी शेजारच्या खोलीच्या भिंतीवर ओल उमटते, नवा रंग फुगून पोपडे धरतो, आणि आपण रंगाऱ्याला दोष देतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडिलांना तो शास्त्राकडे जायला हवा होता. त्याचा जीव तबल्यावर. शब्दाने शब्द वाढला आणि वडिलांनी अबोला धरला. “तो क्षमा मागेपर्यंत मी बोलणार नाही. आधी कोण मोडतो ते बघायचंच आहे, गुरुजी,” असे ते मला शाळेच्या पायरीवर म्हणाले. आठ महिने गेले. दोघांतला कोणीच मोडला नाही. त्या घरात ताटे दोनदा वाढली जात होती. “त्याला सांग फी भरली आहे,” “बाबांना सांग मला उशीर होईल,” असे निरोप एकच बाई दोन खोल्यांत वाहत होती. दोन्हीकडचा सारा जोर तिच्यातून जात होता, आणि तिच्याकडे कोणी पाहत नव्हते, कारण ती भिंतीतली नळी होती. भाऊबीजेला ती माहेरी गेली आणि दोन महिने परत आली नाही. बापलेकांतले पहिले वाक्य त्यानंतरचे: मिठाची बरणी कोठे आहे?

वडील दुष्ट नव्हते. मुलाचे भले व्हावे हाच त्यांचा हेतू होता. पण हेतू उजव्या हातात असतो. तो कितीही शुद्ध असला तरी डावा हात रिकामा असेल तर इजा टळत नाही, आणि ती इजा ज्याच्याशी भांडण आहे त्याला होत नाही, मधल्याला होते.

मग जोर लावूच नये काय? असा अर्थ कोणी काढू नये. गळत्या नळाला हात न लावणारा मनुष्य दयाळू नव्हे. तो फक्त बादली बदलतो. काही दारे लोटल्याशिवाय उघडत नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ सालच्या मे महिन्यात उपोषण केले. तोही जोरच होता, आणि लहान नव्हे. पण त्याआधी ते महाराष्ट्रभर गावोगाव बोलत हिंडले होते. म्हणजे व्हिनेगरची चिंधी आधी गुंडाळली होती. आणि दार सुटेपर्यंतचा ताण त्यांनी तिसऱ्या कोणाच्या माथी न टाकता स्वतःच्या देहावर घेतला. डावा हात तो हाच. जोर योग्य की अयोग्य हे ठरवताना मी आता कारणाबरोबर हेही विचारतो, की सुटेपर्यंत ताण कोण सोसतो आहे? लावणारा, की भिंतीतला कोणी?

एखादा व्यवहारी वाचक म्हणेल, “एवढी यातायात कशाला? नवी तोटी आणावी.” अवश्य आणावी. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या, आत सिरॅमिकच्या चकत्या असणाऱ्या तोट्या आता सर्वत्र मिळतात. पण नवी बसवायची तरी जुनी आधी सोडवावी लागतेच, आणि तेथे तोच डावा हात लागतो. क्वचित काही केल्या सुटत नाही अशीही तोटी निघते. तेव्हा मिस्त्री लोखंड कापायची करवत घेतात आणि तोटी कापून काढतात. तोटी गेल्याचे त्यांना दुःख नसते, कारण काय वाचवायचे हे त्यांनी आधीच ठरवलेले असते: भिंतीतली नळी.

दिवाळीत घरे भरतात. वर्षभर न भेटलेली माणसे एका पंगतीला बसतात, आणि फराळाच्या ताटाबरोबर जुन्या गोष्टीही बाहेर येतात. कोणाचा वाटा, कोणाचे लग्न, कोणाचा न आलेला फोन. त्यांतल्या काही खरोखरच सोडवायला हव्यात. त्या सोडवण्याआधी मधली माणसे कोण, हे एकदा मोजून घ्यावे. आणि हार्डवेअरच्या दुकानात वायसर आणायला गेलात, तर पाने दोन घ्यावेत. दुसरा फुलबाज्यांच्या दोन-चार पेट्यांहून फारसा महाग पडत नाही.