दगडाचा हिशेब

आम्ही बारामतीकर. पाणी म्हणजे नीरा डावा कालवा; त्याला लाटा नसतात, आवर्तनं असतात. त्यामुळे बँकेची प्रवास-सवलत घेऊन सिंधुदुर्गातल्या रेडीला गेलो, तेव्हा समुद्रापुढे मी अर्धा तास नुसताच उभा होतो. सौ. म्हणाली, "मोजताय की काय?" कॅशियरच्या बायका असंच बोलतात.

रेडीला यशवंतगड आहे, माड आहेत, वाळू आहे आणि लोखंडाच्या खाणींनी पोखरलेली तांबडी जमीन आहे. १९७६ साली या खाणीच्या जागेतच दोन हातांची भलीमोठी गणेशमूर्ती सापडली. दर्शन घेऊन परतताना एका जुन्या खाणीच्या कडेला मला एक दगड दिसला. पेरूएवढा, पण वजनाला अर्ध्या किलोचं माप! मी तो खिशात टाकला आणि तिथून पंचाईत सुरू झाली.

मुलीने शिंपले वेचले, ते चालतं. मग दगड का चालू नये? पण शिंपल्यांना टनावर भाव नसतो, खनिजाला असतो. वीस वर्षं मी लोकांच्या नोटा मोजतोय. संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी कमी आली तर पदरचे घालायचे. जास्त आली तर सस्पेन्स खात्यात. असा मी अर्धा किलो सरकार खिशात घालून हिंडत होतो!

मग मी जवळच्या शिरोड्याचा आधार काढला. १९३० साली तिथे सत्याग्रहींनी मीठ उचललं, तोही कायद्याने गुन्हाच होता की!

"अहो, त्यांनी सांगून उचललं. तुम्ही वर रुमाल कोंबलाय."

मी चिडलो आणि तिच्या आईचा दगड काढला. सासूबाईंचं पळसदेवचं घर उजनीच्या पाण्याखाली गेलं. एका उन्हाळ्यात धरण आटलं, पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, तेव्हा त्या चिखल तुडवत गेल्या आणि आपल्या जोत्याचा एक दगड घेऊन आल्या. जमीन संपादित, मोबदला दिलेला, कागदावर अंगठा. "मग तोही सरकारजमा करायचा का?"

सौ. गप्प झाली. रात्रभर बोलली नाही. पास झालेलं व्हाउचर खोडता येत नाही.

सकाळी दगड ठेवायला गेलो, तर जागाच सापडेना. सगळेच तांबडे. एक गाववाला म्हणाला, "काय हरवला काय?"

"नाही, ठेवायचंय."

तो बघतच राहिला.

परत आल्यावर इंदापूरला सासूबाईंकडे गेलो. त्यांचा दगड देव्हाऱ्याशेजारी असतो, रोज हळद-कुंकू लागतं. मी बघत बसलेला पाहून त्या म्हणाल्या, "उचलून बघा की जावईबापू, लई जड न्हाई."

मी काही उचलला नाही.