नापास कोणाला म्हणावं?

शंभरातलं पासष्ट चुकलं तरी 'जमलं' म्हणतात अशी जागा माझ्या माहितीत एकच आहे. ती म्हणजे परीक्षा. आम्हां कॅशिअर मंडळींना ही सवलत नाही. संध्याकाळी रोकड मोजताना शंभराची एक नोट कमी आली, तर 'साहेब, बाकीचं सगळं बरोबर आहे' म्हणून डबा उचलून घरी जाता येत नाही. उद्यमनगरातल्या टर्नरलाही नाही. शंभर जॉबपैकी पस्तीस मापात आणि पासष्ट भंगारात निघाले, तर मालक त्याला पेढे भरवील असं वाटत नाही. परीक्षेत मात्र ३५ वाला पास, ३४ वाला नापास, आणि या एका मार्काच्या फटीत दरवर्षी निकालाच्या दिवशी अख्खी घरंच्या घरं सापडतात.

हे प्रकरण सुरू झालं अगदी साध्या कामासाठी. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक झाली. पास झालेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते. अर्थात तेव्हा ते न्यायमूर्ती नव्हते, नुसते परीक्षार्थी होते. त्या परीक्षेला विचारलेला खरा प्रश्न एकच होता: या पोराला कॉलेजात घ्यायचं की नाही? 'नाही' याचा अर्थ 'आत्ता नाही' एवढाच. आपली एस. टी. चुकली तर आपण 'गाडी चुकली' म्हणतो, 'माणूस चुकला' म्हणत नाही. पण पुढे कचेऱ्यांनी नोकरीसाठी हाच दाखला मागायला सुरुवात केली, मग मुलीचे वडील मागू लागले, आणि दरवाजावरची पाटी हळूहळू माणसाच्या कपाळावर आली. १९७५ साली दहावीची नवी परीक्षा सुरू झाली, अकरावीची जुनी मॅट्रिक गेली. कपाळावरची पाटी तेवढी राहिली.

बरं, दरवाजाचं म्हणावं तर तोही एका जागी राहत नाही. आमच्या पेठेतल्या एका मुलाचा दहावीचा निकाल लागला. गणितात २२, इंग्रजीत २४, बाकी सगळं व्यवस्थित. आता बोर्डाचा नियम असा, की एक किंवा दोन विषय राहिले तर 'ए. टी. के. टी.' म्हणून अकरावीला प्रवेश मिळतो. राहिलेले विषय मागाहून सोडवायचे. म्हणजे मुलगा दहावी नापास आणि कॉलेजात दाखल, एकाच वेळी! घरात पेढ्यांवरून वाद पेटला. वडील म्हणाले, "कॉलेजात जातोय म्हंजे पासच की!" आईचं म्हणणं, मार्कशीट कुणी मागितली तर काय दाखवायचं? आजी तेवढी व्यवहारी. ती म्हणाली, "बाकीच्या विषयांत पास हाय न्हवं? मग अर्धा किलो आणा." मला बँकवाला म्हणून पंच नेमलं. "काका, तुम्हीच सांगा," असं त्या मुलानं म्हटलं तेव्हा त्याची नजर माझ्यावर नव्हती, दाराकडे होती. कोण येतंय, कोण बघतंय. सोळा वर्षांचं पोर स्वतःच्याच घरात चोरासारखं बसलं होतं. मी अर्धा किलोच्या बाजूनं कौल दिला.

गंमत पुढं आहे. याच मुलाच्या वर्गमित्राचे तीन विषय गेले. त्याला अकरावीचं दार बंद. दोन विषय गेलेला विद्यार्थी, तीन गेलेला बेकार. आणि हाच आमचा पेढेवाला दोन वर्षांनी बारावीत एकाच विषयात अडकला, तर बी.कॉम.चं दार तो विषय निघेपर्यंत बंदच, कारण बारावीला ए. टी. के. टी. नाही. पूर्वी नापासांना 'ऑक्टोबरची वारी' करावी लागे. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैत आली, म्हणजे वर्ष वाचलं. हा मला या सगळ्यातला एकमेव शहाणपणाचा बदल वाटतो. २०२४ साली तर राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात असं सुचवलं गेलं, की गणित-विज्ञानात २० मिळाले तरी पुढं जाऊ द्यावं, फक्त पुढं ते विषय घेता येणार नाहीत असा शेरा मारावा. म्हणजे पेठेतलं ते २२ एका कागदावर नापास आणि दुसऱ्या कागदावर चालण्याजोगं. मुलगा तोच. त्याची त्रिकोणमितीही तीच.

मध्यंतरी सरकारला दया आली. २०१६ च्या सुमारास दहावीच्या मार्कशीटवरून 'नापास' हा शब्द काढायचं ठरलं आणि त्या जागी 'कौशल्य विकासास पात्र' असं आलं. २०१९ साली बारावीलाही तसंच ठरलं. हेतू चांगला होता, मी नाकारत नाही. पण कोल्हापुरात राहून हे वाचताना माझा घास अडकतो. नापासाला सभ्य शब्द हवा म्हणून तुम्ही 'कौशल्य' उचललंत! मग ज्याला नव्वद टक्के मिळाले तो कौशल्याला अपात्र समजायचा का? आमच्याकडं वितळलेलं लोखंड साच्यात ओतणारा मोल्डर, डोळ्यांनी धातूचा रंग बघून 'अजून थांबा' म्हणणारा भट्टीवाला, पायताणाची वेणी घालणारा कारागीर, ही काय वाया गेलेल्यांची यादी आहे? 'नापास' हा शब्द निदान एका पोराला लागायचा. हा नवा शेरा सबंध उद्यमनगराला लागला.

आमची बँक या बाबतीत जास्त सभ्य आहे. चेक परत गेला, तर आम्ही सोबतच्या छापील चिठ्ठीवर 'शिल्लक अपुरी' लिहितो. 'हा माणूस दरिद्री' असं लिहीत नाही, आणि 'हा माणूस फकिरीस पात्र' असंही लिहीत नाही. आज, या खात्यात, एवढी रक्कम नाही, इतकंच. पुढच्या आठवड्यात तोच चेक, त्याच सहीचा, आम्ही निमूटपणे वटवतो. पस्तीसची रेघ असू द्या, माझी तक्रार नाही. कुठं तरी रेघ हवीच, नाहीतर डॉक्टरच्या हातात सुई द्यायची भीती वाटेल. पण रेघ खात्यावर मारायची की खातेदारावर?

आता आमच्याच बँकेतल्या फॉर्मचं सांगतो. त्यात 'शिक्षण' असा एक रकाना असतो, आणि त्यात पहिलाच पर्याय 'नॉन-मॅट्रिक' असा. मॅट्रिक जाऊन पन्नासेक वर्षं झाली, नॉन-मॅट्रिक मात्र आहे तिथंच. परवा काउंटरवर एक गृहस्थ आले. फौंड्री आहे, चाळीसेक माणसं कामाला, आणि आमच्या साहेबांनी केबिनमधून बाहेर येऊन नमस्कार करावा असं खातं. नाव, पत्ता, धंदा, उलाढाल, सगळं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं असेल. मग मी विचारलं, "शिक्षण?"

त्यांनी मागं वळून पाहिलं, काउंटरच्या काचेला तोंड लावलं आणि अगदी हळू म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे की, साहेब. कोरंच सोडा."

मी तो रकाना कोरा सोडला.