मारय्या परत गेले

कचेरीचा प्रमुख कसा असावा, असे विचारले की आपण सहज म्हणतो : धडाडीचा, करड्या शिस्तीचा, झटपट निर्णय घेणारा. हे गुण कामाचे आहेतच. पण शरणांच्या चरित्रांत वेगळेच काही दिसते.

महात्मा बसवेश्वर कल्याणास बिज्जळाच्या भांडाराचे अधिकारी होते. हाताखाली माणसे, समोर हिशेब, वर राजा. कारभार त्यांना नवा नव्हता. तरी अनुभवमंटपातील शून्यसिंहासनावर ते स्वतः बसले नाहीत. तो मान अल्लमप्रभूंचा, असे परंपरा सांगते. आपण याला विनम्रता म्हणतो आणि पुढे जातो. मला त्यात कारभाराची जाण दिसते. ज्याने घर उभारले तोच अध्यक्ष झाला असता, तर त्याला उलट प्रश्न कोणी विचारला असता?

आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत आणि त्यावर दासोह चाले. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त आणले. पत्नी लक्कम्मांनी ते परत टाकून यायला सांगितले. आपण लक्कम्मांची थोरवी गातो, ते योग्यच. परंतु मारय्या उठून परत गेले, याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. 'मला शिकवतेस?' असे ते म्हणाले नाहीत. लक्कम्मांना बोलता आले, कारण ऐकणारा तसा होता.

मी सीमाभागातील एका कचेरीत हेडक्लार्क होतो. माणसे वेळेवर येत, वरिष्ठ खूश असत. एकदा पगारपत्रकातली माझी बेरीज चुकली. नव्या कारकुनाने ती सर्वांसमोर दाखवली. "आधी आपल्या टेबलाकडे बघ," मी म्हणालो. बेरीज मागाहून गुपचूप दुरुस्त केली. त्याचे नाव मात्र घेतले नाही.

पुढे एका शिपायाची मंजूर रजा माझ्या हातून बिनपगारी लागली. पगार कापला गेला. शाळा उघडण्याचा महिना. त्याने मुलांची फी व्याजाने पैसे काढून भरली. चूक उघडकीस आल्यावर मी त्या कारकुनाला विचारले, "पत्रक तुझ्या हातून गेले होते, तुला दिसले नाही?"

"दिसले होते, साहेब," तो खाली बघून म्हणाला. "पण मी आपल्या टेबलाकडे बघत होतो."

कापलेला पगार पुढच्या महिन्यात मिळाला. व्याज शिपायानेच भरले.