लक्ष कुठंय तुझं?

लग्नात प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी भटजींचा सूर चढतो, ‘सावधान’ येतं आणि अक्षता उडतात. हा शब्द आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की तो फोडून पाहायचं सुचत नाही. स-अवधान, म्हणजे अवधानासह. शाळेच्या मैदानावर हाच शब्द टाचा जुळवायला लावतो आणि घाटातल्या पाटीवर बसून दरडीची भीती घालतो. जवळ येऊन नीट बघ, असं सांगणारा शब्द बघता बघता लांब राहा असं सांगू लागला.

जांब गावच्या नारायणाची आख्यायिका सगळ्यांना पाठ असते. बारा वर्षांचा नवरा मुलगा बोहल्यावर उभा, ‘सावधान’ कानी पडलं आणि तो मंडपातून पळाला. पुढे तो समर्थ रामदास झाला. आपण ही गोष्ट संसारातून निसटण्याची म्हणून सांगतो. मला ती एका चांगल्या श्रोत्याची वाटते. एवढ्या गर्दीत तो शब्द ऐकू आलेला माणूस बहुधा एकच होता. आणि पळालेल्या माणसाचं अवधान पुढे कुठे गेलं हेही पाहण्यासारखं आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे: अक्षर कसं काढावं, ओळींमधलं अंतर, समास, शाई, लेखणी. ब्रह्मज्ञान सांगणारा ग्रंथ मध्येच थांबून कागदाच्या कडेला मोकळी जागा सोडायला सांगतो. कुणाला हे विषयांतर वाटेल. मला तो त्या ग्रंथाचा स्वभाव वाटतो.

रामदासांच्या तीनशे वर्षं आधी, १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत नववा अध्याय सुरू होतो तो श्रोत्यांकडे अवधान मागूनच. ज्ञानेश्वर तिथे दुसरं काहीही मागत नाहीत. अवधान ‘देण्याची’ गोष्ट आहे, हे त्या मागण्यातच आलं. आजही मराठीत आपण लक्ष देतो, पुरवतो, ठेवतो. म्हणजे ते आपल्या हातचं आहे, कुठे ठेवायचं ते आपण ठरवायचं, असा या क्रियापदांचा समज आहे. घरोघरी आया ‘लक्ष कुठंय तुझं?’ विचारतात तेव्हा हिशेब त्याच ठेव्याचा मागतात.

रोजच्या वागण्यात ध्यान असावं या कल्पनेचा सगळ्यात तपशीलवार जुना मसुदा मात्र पालीत आहे. बुद्धांनी सतिपट्ठानाचं प्रवचन कुरूंच्या मुलखात, कम्मासधम्म नावाच्या गावी दिलं, असं ते सूत्र सांगतं. कुरूंचा मुलूख म्हणजे आजचा दिल्ली-हरयाणाकडचा भाग. श्वासापासून सुरुवात होते, पण सूत्र आसनावर बसून राहत नाही. जाताना, परतताना, हातपाय आखडताना आणि पसरताना, चीवर नेसताना, खाताना, चावताना, झोपताना, जागं होताना, बोलताना, गप्प राहताना काय चाललंय ते जाणून असावं, अशी यादी येते. त्यात मलमूत्रविसर्जनही आहे. संडासाला वगळून जी जागरूकता राखायची, ती दिवसातून काही वेळा सुटणारच, हे त्या यादीनं सरळ मान्य केलंय.

‘सति’ म्हणजे स्मृती. हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण स्मृती मागचं धरून ठेवते आणि आपण मात्र हल्ली ‘या क्षणात राहा’ असं ऐकत असतो. मग स्मृती कशाची? मला उमगलेला अर्थ असा की आपण काय करतोय आणि कशासाठी करतोय, हे विसरू नये. दुकानात जाऊन काय आणायचं होतं ते न आठवणारा माणूस त्या क्षणात पुरेपूर असतो, पण त्याची सति हरवलेली असते.

त्या प्रवचनावर पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांची टीका आहे, आणि तिच्यातली एक गोष्ट माझ्या फार आवडीची. कुरूंच्या मुलखात म्हणे गडीमाणसंसुद्धा सतिपट्ठानाविषयीच बोलत. पाणवठ्यावर किंवा सूत कातायच्या जागी बायका जमल्या की एकमेकींना विचारत, तू कोणतं सतिपट्ठान करतेस? ‘कोणतंच नाही’ म्हणणारीची खरडपट्टी निघे. टीकाकारानं अतिशयोक्ती केली असेल, पण त्याला आदर्श रंगवायचा होता तेव्हा गुहा किंवा अरण्य सुचलं नाही, पाणवठा सुचला. आपल्याकडची लेणीही पुष्कळदा अशीच व्यापारी वाटांजवळ कोरलेली आहेत. कान्हेरीला एकांताच्या खोल्या आहेत, तशी खडकात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. ध्यान करणाऱ्यालाही तहान लागते, आणि पाणी भरायचं काम कुणीतरी करावं लागतं.

मराठी मुलखात पुढे भक्तीनं या कल्पनेला वेगळंच वळण दिलं. काम हातांनी, नाम मुखानं. सावता माळी मळ्यात, जनाबाई जात्याशी. इथे एक फरक करायला हवा, आणि त्यासाठी आपल्या भाषेत चोख शब्द आहेत: भान आणि तंद्री. दोन्ही अवस्थांमध्ये माणूस शांत दिसतो. पण तंद्री लागते आणि भान ठेवावं लागतं. तंद्रीतल्या माणसाला आपण हलवून ‘भानावर ये’ म्हणतो. भानावरच्याला ‘तंद्रीत जा’ असं कुणी म्हणत नाही.

तेरच्या गोरोबा कुंभारांची कथा या फरकावरच उभी आहे, असं मला वाटतं. बायको पाण्याला गेलेली, लेकरू अंगणात, गोरोबा भजनात रंगून चिखल तुडवतायत. रांगत आलेलं मूल त्या चिखलात तुडवलं जातं आणि त्यांना कळतही नाही. भक्तीची पराकाष्ठा म्हणून ही कथा सांगतात, कीर्तनात इथे डोळे पुसले जातात, आणि पुढे विठ्ठलकृपेनं मूल परत मिळतं. पण परंपरेनं त्या माउलीचा आकांत आणि संताप कथेतून गाळला नाही. तो तसाच ठेवला, आणि लहानपणापासून मला कथेत तोच सर्वांत मोठ्यानं ऐकू येतो. तिचं म्हणणं शेवटी काय होतं? लक्ष कुठं होतं तुमचं?

आता याच गोरोबांची दुसरी कथा. संतांचा मेळा जमलाय. कुठलं मडकं कच्चं, कुठलं पक्कं, हे ठरवायला गोरोबा हातात थापटणं घेतात आणि एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. बाकीचे निमूट सोसतात, नामदेव कुरकुरतात. मडकं कच्चं असल्याचा निकाल लागतो. नामदेवांना गुरू हवा, हे या कथेचं तात्पर्य सांगितलं जातं. मी मात्र थापटण्यापाशी अडकतो. भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारून आवाजावरून तडा ओळखणं ही कुंभाराची रोजची सवय. तिथे नाम घेता घेता कान दुसरीकडे गेला तर बाजारात फुटकं मडकं जाईल. म्हणजे एकाच माणसात दोन्ही आहेत: चिखलातली तंद्री आणि थापटण्यातलं भान. परंपरेनं त्याला ‘गोरोबाकाका’ म्हणून वडीलकी दिली ती थापटणं हातात असलेल्या गोरोबांना, असं मी समजतो. हे वाचन माझं. फडावर कुणाला पटेल असा दावा नाही.

जात्याचं गणित आणखी नाजूक. एक हात खुंट्यावर, दुसऱ्यानं मूठमूठ दाणे वैरायचे. जास्त पडले तर पीठ भरड, कमी पडले तर दगडावर दगड. ओवी त्या फिरण्याच्या लयीत बसवलेली. तिच्यात माहेर, विठ्ठल, सासूचा जाच, सगळं येतं. मन गाण्यात आहे म्हणावं तर हात चुकत नाही, हातात आहे म्हणावं तर ओवी नवी सुचते. ग्रामीण भागातल्या अशा ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी लाखाच्या घरात गोळा केल्या. एवढं साहित्य कामाआड निर्माण झालं, आणि तरी त्या कामाला कुणी साधना म्हटलं नाही, कारण दळणाऱ्या बायकांनीही तसं म्हटलं नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा कष्ट सुटले, ते सुटायलाच हवे होते. पहाटेच्या त्या श्रमांचे गोडवे गाणाऱ्यांना एक पायली ज्वारी दळायला द्यावी.

हाताचं काम आणि मन यांचा सांधा आधुनिक मराठीत विनोबांनी नेमका सांगितला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तिथे ‘विकर्म’ या शब्दाचा विनोबांनी लावलेला अर्थ असा: बाहेरच्या कर्माला आतून जोडलेलं मन. पिंडीवर पाण्याची धार धरली आणि तिच्याबरोबर मनाची धार नसली तर समोर दगड आणि धार धरणाराही दगड. ऐकणारे कैदी होते. त्यांच्यापुढे काम निवडायचा प्रश्नच नव्हता, मन जोडायचं की नाही एवढाच उरला होता.

त्याच्या कितीतरी आधीच ब्रह्मदेशात सतिपट्ठान विहारांबाहेर पडलं होतं. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, आणि धर्म टिकायचा तर तो संसारी लोकांच्या हाती द्यावा लागेल, या जाणिवेनं लेडी सयाडो गृहस्थांना शिकवू लागले. त्यांच्याकडून ते सया थेटजी या शेतकऱ्याकडे आणि तिथून ऊ बा खिन यांच्याकडे आलं. ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल, आणि त्यांनी आपल्या कचेरीतच ध्यानाचे वर्ग घेतले. फायली, जमाखर्च आणि ध्यान! आपल्याकडच्या कुठल्याही लेखा विभागात डोकावलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका १९५५ साली अर्धशिशी घेऊन त्यांच्याकडे आले. फक्त डोकेदुखी घालवायची असेल तर इथे येऊ नका, असं आधी त्यांना सांगण्यात आलं. १९६९ साली गोएंका भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत झालं, पुढे इगतपुरीला केंद्र उभं राहिलं. पहाटे चारची घंटा आणि दहा दिवसांतलं बहुतेक मौन आता मराठी मध्यमवर्गाच्या गप्पांचा विषय आहे.

गंमत अशी की जी डोकेदुखी रंगूनमध्ये ऊ बा खिन यांच्याकडे अपुरं कारण ठरली, तीच जॉन कबाट-झिन यांनी दारातून आत घेतली. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्यांनी जुनाट वेदना असलेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. बुद्धाचं नाव बाजूला ठेवलं. रुग्णांच्या तळहातावर मनुका ठेवून ती पाहायला, हुंगायला, सावकाश चावायला लावलं. ‘माइंडफुलनेस’ हा शब्द त्यांच्यासाठी तयारच होता. ऱ्हिस डेव्हिड्स नावाच्या, सिलोनमध्ये सरकारी नोकरी केलेल्या पंडितानं ‘सति’साठी तो १८८१ सालच्या भाषांतरात वापरला होता. रुग्णांना आराम पडला असेल तर त्याला नाक मुरडायचं कारण नाही. माझी तक्रार नंतरच्या बाजाराशी आहे. मोबाइलवर दहा मिनिटं मंद संगीत ऐकवून जे विकतात ते बहुतेक वेळा तंद्री असते, वर लेबल भानाचं. शिवाय ‘सम्यक् स्मृती’तलं ‘सम्यक्’, म्हणजे योग्य, हे विशेषण वाटेत गळून पडलं. नुसत्या अवधानातच सगळं असतं, तर संध्याकाळच्या लोकलमधला खिसेकापू योगी ठरला असता. त्याच्याइतकं लक्ष डब्यात कुणाचंच नसतं.

भांडी घासताना भांडीच घासावीत, हे थिक न्हाट हान यांचं सांगणं आता मासिकांच्या पानापानांवर असतं. ते मुळात १९७०च्या दशकात परदेशात अडकलेल्या भिक्खूनं व्हिएतनाममधल्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलेल्या पत्रातून आलं. त्यांची समाजसेवा शाळा युद्धात दोन्ही बाजूंच्या संशयात होती, तिच्यातल्या काही तरुणांचा जीव गेला होता. खचून न जाता उद्या पुन्हा गावात जाता यावं, म्हणून भांडी घासताना भांडी. हे विसरून तेच वाक्य सकाळपासून पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईला ऐकवायची माझी छाती होत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी ते ऐकवलेलं नाही. परवा हा लेख लिहीत बसलो होतो, गोरोबांच्या थापटण्याच्या परिच्छेदात अडकलो होतो. मोरीत नळ सुरू, भांड्यांचा खडखडाट. तेवढ्यात मावशी तिथूनच ओरडल्या, ‘‘काका, पाचवी शिट्टी झाली. बंद करू?’’

मला एकही ऐकू आली नव्हती.