अनवस्था आणि फोनचा आरंभ

कार्याला कारण, त्या कारणालाही कारण, अशी परंपरा कोठेच थांबत नसेल तर तिला भारतीय तर्कशास्त्रात ‘अनवस्था’ म्हणतात, आणि जिच्यामुळे मूळ प्रतिपाद्यच सिद्ध होत नाही अशी अनवस्था दोष ठरते. संगणक सुरू होताना हा प्रश्न केवळ तर्काचा राहत नाही. एखादा प्रोग्रॅम स्मृतीत आणून चालवण्यासाठी दुसरा प्रोग्रॅम आधीच चालत असावा लागतो; मग पहिल्याला कोण आणतो? निष्णात नटही स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही, हा दार्शनिकांचा जुना दृष्टान्त येथे नेमका लागू पडतो.

2020 साली आलेल्या पाइनफोन या लिनक्स फोनमध्ये ही परंपरा उघडपणे पाहता येते. त्याच्या ऑलविनर ए64 या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला, पुढे बदलता न येणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला बूट रॉम म्हणतात. वीज मिळताच तो आधी मेमरी कार्ड आणि मग फोनची अंतर्गत साठवण तपासतो, आणि ठरलेल्या जागी बूटलोडरचा, म्हणजे कार्यप्रणालीला स्मृतीत आणून तिच्या हाती कारभार सोपवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पहिला अंश सापडला की तो चिपमधल्याच 32 किलोबाइट स्मृतीत उतरवतो. तो अंश तोवर वापरता न येणारी मुख्य स्मृती जागी करतो. अंतर्गत साठवणीत टो-बूट आणि कार्डावर पी-बूट अशी दोन बूटलोडरांची जोड असेल, तर कार्ड घातल्यावर पी-बूट अनेक प्रणालींची यादी दाखवतो आणि बाजूच्या बटणांनी त्यांतली एक निवडता येते. कार्ड काढले की टो-बूट कामाला लागतो. बूट रॉमला मात्र पुढे मोबियन ही प्रणाली येणार की पोस्टमार्केटओएस ही, याचा पत्ताही नसतो.

म्हणजे परंपरा थांबते. पण बूट रॉमला स्वयंभू म्हणणे चूक आहे. त्याला कोणी स्मृतीत आणत नाही, कारण त्याला आणावेच लागत नाही: तो चिपच्या रचनेचाच भाग आहे आणि वीज मिळताच प्रोसेसरने त्याच्याकडे जावे हे जोडणीतच ठरलेले आहे. येथे परंपरेला त्याच जातीचा पहिला घटक सापडलेला नसून प्रश्नाची जातच बदलली आहे, आणि अनवस्थेचा परिहार बहुधा याच रीतीने होतो.

यावर आक्षेप येईल की बूट रॉमदेखील कोणत्या तरी संगणकावरच लिहिला गेला आणि तो संगणकही असाच सुरू झाला होता. हा निर्मितीचा क्रम आहे, चालण्याचा नव्हे. येथे बीज आधी की अंकुर आधी हा न्याय आठवतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात कर्म आणि संसार यांचे अनादित्व मांडताना त्याचाच आधार घेतला. संगणकांना मात्र तो आधार मिळत नाही, कारण त्यांची वंशावळ मागे जात जात तारा आणि कळा हातांनी जुळवून चालवाव्या लागणाऱ्या एनियाकसारख्या यंत्रांशी, म्हणजे अखेर माणसांच्या हातांशी, पोचते.

यावरून न्यायदर्शनातील उदयनाचार्यांचा ईश्वरानुमानाचा पक्ष बळकट झाला असे वाटेल. घटाला कुंभार असतो तसा जगालाही कर्ता असला पाहिजे, हे नैयायिकांचे म्हणणे. पण केलेल्या वस्तूला कर्ता असतो याविषयी वाद कधीच नव्हता. वाद जग हे त्या अर्थाने ‘कार्य’ आहे की नाही याचा आहे, आणि त्याबाबतीत हा फोन घटाहून अधिक काही सांगत नाही.