फसलेल्या यंत्राचा नाच

जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाचं छोटं चंदेरी यंत्र बाजारात आणलं. घरी एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, एवढाच हेतू. पण त्यात सूर भरणं महाकिचकट, आणि आवाज बेस गिटारच्या आसपासही फिरकणारा नाही. तीनेक वर्षांत उत्पादन गुंडाळलं गेलं आणि यंत्रं जुन्या वाद्यांच्या दुकानांत पडेल भावाने आली. शिकागोच्या कृष्णवर्णीय पोरांना ती तिथे परवडली.

त्या शहरात डिस्कोचं तेरावं आधीच घातलं गेलं होतं. १२ जुलै १९७९ला कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, एका रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवून दिल्या. जमाव मैदानात घुसला आणि यजमान संघाने दुसरा सामना न खेळताच गमावला. व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायच्या कामावर होता. लोकांनी जाळायला आणलेल्या कित्येक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या गायकांच्या होत्या, असं तो पुढे सांगत असे. राग कशावर होता ते उघड आहे. डिस्को मग वेअरहाउससारख्या क्लबांत तगून राहिलं. तिथे फ्रँकी नकल्स तबकड्या लावी आणि नाचणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण असत.

शिकागोतल्याच डीजे पिअर आणि त्याच्या मित्रांनी असंच एक जुनं ३०३ आणलं. वापरायचं कसं ते कळेना, म्हणून यंत्र चालू ठेवून ते खुंट्या पिळत बसले आणि जे निघालं ते टेपवर घेतलं. ढोलाचे चार सरळ ठोके, त्यावर सुरांचा तोच तुकडा अखंड फिरतो. ना मुखडा ना अंतरा. बदलतो तो फक्त पोत: खुंटी एकीकडे वळली की आवाज चिखलात रुततो, दुसरीकडे वळली की चिरकतो. हे अकरा मिनिटं. म्युझिक बॉक्स क्लबात रॉन हार्डी या डीजेने ती टेप लावली, तेव्हा लोक चक्क निघून गेले. त्याच रात्री त्याने ती पुन्हा पुन्हा लावली. चौथ्या वेळी लोक वेडे झाले, असं पिअर सांगतो. हेच 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७ साली तबकडीवर आलं, आणि या शैलीला 'अ‍ॅसिड हाउस' म्हणू लागले.

आता आपल्या अभिमानाचा मुद्दा. मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. त्यांनी १९८२ सालीच हेच ३०३ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते. तबकडी खपली नाही. २०१० साली ती नव्याने निघाल्यावर 'अ‍ॅसिड हाउसचा जनक मुंबईकर' अशी हाकाटी झाली. मला ती पटत नाही. शिकागोत कुणी ही तबकडी ऐकली होती, याला पुरावा नाही. शिवाय आवाज सापडला म्हणजे शैली जन्मली, असं होत नाही. तीनदा नाकारून चौथ्यांदा नाचणारी माणसं आणि चौथ्यांदा लावायची हिंमत असलेला हार्डी, दोन्ही लागतात. चरणजितजींच्या वाट्याला ती गर्दी आली नाही. पण म्हणून त्यांचं काम उणं ठरत नाही, आणि जनकपदाची उसनी झूलही त्याला नको.

त्यांचा 'भैरव' आणि 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' पाठोपाठ ऐकून बघा. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात खर्ज उरतच नाही.