हळवेपणा आणि ताकद

गोंदियात धानाच्या गिरणीचा घरघराट चालू असतो. बहुतेकांच्या तो कानीही पडत नाही, पण एखादं पोर त्या आवाजाने कावतं, अन् घरचे म्हणतात, 'फारच हळवं बाई हे!' अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलेन ॲरन यांनी १९९६ साली याच स्वभावावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की आवाज, वास, समोरच्याचा बदललेला सूर हे सगळं काही माणसांच्या मनात अधिक खोल झिरपतं. हा आजार नव्हे, उपजत ठेवण आहे. यावर आक्षेप येतो, आणि तो रास्तही आहे: हे चिंतातुरपणालाच दिलेलं गोंडस नाव नाही का? दोन्हींत सरमिसळ होते, हे खरंच. शिवाय मोजमाप बरंचसं स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर चालतं. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात शाळकरी मुलींना नैराश्य टाळण्याचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा लाभ दिसला तो अधिक संवेदनशील मुलींना. नुसता दुबळेपणा असता तर असं झालं नसतं. वाईट जसं त्यांना लवकर लागतं, तसं चांगलंही.

आपल्याच जिल्ह्यात, नवेगावबांधला, वनाधिकारी मारुती चितमपल्लींनी पाखरांच्या बारीकसारीक हालचाली टिपल्या आणि मराठीला रानाचं भांडार दिलं. त्यांच्यावर कुठलं लेबल लावायचं कारण नाही. पण बारीक टिपणारं मन किती कामाचं असतं, ते तिथे दिसतं. तेव्हा 'मन घट्ट कर' म्हणण्याआधी त्या पोराला गिरणीपासून दूरची खोली देऊन पाहावी.